घोटभर पाणी

रानात माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. भुरी नावाच्या वानरीच्या पिल्लाला जुलाब लागले. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, ओठ सुकले.

“त्याचं पाणी तोडा!” टोळीचा म्होरक्या गरजला. “पाजलेलं सगळं वाहून जातंय.”

“वाहून जातंय म्हणूनच पाजायचं,” भुरी म्हणाली.

“शब्द मोडलास तर टोळीबाहेर काढीन!”

“काढा. पोर जगलं तर आम्हा दोघांची टोळी होईल.”

ती झऱ्यावर जाऊन बसली आणि ओंजळीने घोट घोट पाजत राहिली. पिल्लू ओकलं. जरा थांबून तिने पुन्हा पाजलं. दिवस कलताना त्याने डोळे उघडले आणि तिचा कान ओढला.

दुसऱ्या दिवशी म्होरक्याचीच लेक आपलं आजारी पिल्लू पोटाशी धरून झऱ्याकडे निघाली. म्होरक्या ओरडत राहिला. तिने वळूनही पाहिलं नाही.