शंभर फुकट लोटे

"आज सूर्य मावळायच्या आत माझं कर्ज फिटलं पाहिजे! आणि खजिन्यातून एक दमडीही बाहेर जायची नाही!" राजे हौसराजे गरजले.

दमडी बाहेर जाणार तरी कुठून? खजिन्यात होती कुठे? पण हे राजाला सांगणार कोण! दिवाणजी आपलं पागोटं सावरत बसले, सेनापतींना एकाएकी खोकला लागला. समोर खेमशेट सावकार मात्र पोटावर हात ठेवून गालातल्या गालात हसत उभा.

"साठ हजार रुपये, महाराज! नाहीतर ठरल्याप्रमाणे तांबट आळी माझी. घरंदारं, भट्ट्या, सगळं!"

दाराशी उभ्या असलेल्या वेणूने कान टवकारले. ती बाळोबा तांबटाची लेक. तिचं घर तांबट आळीतच. बिचारी आली होती राजाचा शंभरावा फुकट लोटा पोचवायला, आणि ऐकायला मिळालं ते हे!

आता हे फुकट लोट्याचं काय प्रकरण, ते ऐका. वर्षापूर्वी खेमशेटने राजाला एक चकचकीत पितळी पट्टी दिली. कुठल्याही दुकानात जा, पट्टी दाखवा, हवं ते उचला! दुकानदाराचे पैसे खेमशेट भागवणार आणि राजाच्या नावावर मांडणार. पौर्णिमेपर्यंत सगळं फेडलं तर व्याज शून्य. वर शंभर रुपयांच्या खरेदीवर तांब्याचा एक लोटा फुकट!

फुकट म्हटल्यावर हौसराजे काय थांबतात! त्यांनी हत्तीला लोकरीचे पायमोजे घेतले. चार पाय, म्हणून दोन जोड. मग मोजे भिजू नयेत म्हणून हत्तीला छत्री. मग स्वतःची पाठ बघायला बारा आरसे. प्रत्येक लोट्यागणिक राजा टाळ्या पिटायचा. पौर्णिमा आली की खेमशेट गोड आवाजात म्हणायचा, "घाई कशाला, महाराज? पाच रुपये टाका, बाकीचं राहू द्या!" राजा पाच रुपये टाकायचा आणि निवांत झोपायचा. तिकडे दहा हजारांच्या खरेदीवर व्याज, व्याजावर व्याज, त्यावर दंड असं चढत चढत झाले साठ हजार!

"अरे, पण मी दर महिन्याला पैसे भरत होतो ना?" राजा कळवळून म्हणाला. "मग कर्ज वाढलं कसं?"

"महाराज, आपण विहिरीतून चमच्याने पाणी उपसत होता, आणि शेटजी वरून घागरी ओतत होते!" दारातून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. वेणूने जीभ चावली, पण बोलून तर गेली होती! मग तिने लोटा खाली ठेवला आणि ती सरळ पुढे आली.

"महाराज, मी कर्ज फेडते. पट्टी तेवढी माझ्या हातात द्या."

"तू?" खेमशेट खो खो हसला. "साठ हजार? लोटे ठोकून?"

"शेटजी, आधी एक सांगा. पट्टी सगळीकडे चालते ना?"

"म्हणजे काय! मी राजमुद्रा घेऊन दवंडीच पिटवली आहे!"

"दिवाणजी, वाचा ती दवंडी."

दिवाणजींनी घसा खाकरला. "राज्यातल्या कुठल्याही दुकानात, कुठल्याही पेढीवर, कुठल्याही देण्यापोटी ही पट्टी चालेल. जो नाकारेल त्याचा धंदा जप्त."

"आणि शेटजी, तुमचीही पेढी याच राज्यात आहे ना?"

"हो. का बरं?"

वेणूने राजाकडून पट्टी घेतली आणि खेमशेटच्या नाकासमोर धरली. "मग घ्या साठ हजार. पट्टीवर!"

खेमशेटचं हसू जागच्या जागी थिजलं. "अगं ए! पट्टीचं कर्ज पट्टीवर? हे कुठलं शास्त्र!"

"तुमचंच! नाकारता का? शिपाई पाठवू पेढीवर?"

"न... नाही! घेतले! पण पोरी, कर्ज कुठे फिटलं? आता नवं साठ हजार झालं की!"

"झालं ना. पण पौर्णिमेपर्यंत त्यावर व्याज शून्य. आणि पौर्णिमेच्या आत ते पुरतं फेडायचं, पुन्हा याच पट्टीवर. व्याज कायमचं बंद! आता आमचे लोटे काढा."

"कसले लोटे?"

"शंभराला एक. साठ हजारांचे सहाशे! तांबट आळीत एक लोटा तुम्हाला तीन रुपयांना पडतो, शेटजी. रोख! उधारी आम्ही ठेवत नाही."

खेमशेटने बोटांवर हिशेब केला. अठराशे रुपये! कपाळावर घामाच्या धारा लागल्या.

"आणि हो," वेणू म्हणाली, "महाराजांना कर्ज फेडायची फार घाई आहे. पौर्णिमेची वाट कशाला बघायची? दुपारी परत फेडू. आणखी सहाशे लोटे! संध्याकाळी परत, सहाशे! उद्या सकाळी न्याहारीच्या आधी..."

"बास! बास गं बाई!" खेमशेट खालीच बसला. "वरचे पन्नास हजार सोडले! व्याज सोडलं! दंड सोडला! तांबट आळी सोडली! माझे दहा हजार तेवढे मिळू देत!"

"ते मिळतील. महाराज जे घेतात ते बुडवत नाहीत. सुगीचा सारा आला की सगळे एकदम, एक पैसाही मागे न ठेवता. बिनव्याजी! लिहून द्या."

खेमशेटने घाईघाईने लिहून दिलं आणि जाताना उंबऱ्याशी मांडलेल्या शंभराव्या लोट्याला ठेचकाळला.

हौसराजे असे हसले, असे हसले की मुकुट घरंगळून मांडीवर आला. "वा गं पोरी! आता ही पट्टी तुझ्या भट्टीत वितळवून टाक!"

"कशाला, महाराज? पट्टी चांगली आहे. फक्त पौर्णिमेला जेवढं फेडता येईल तेवढंच घ्या. आणि हत्तीला अनवाणीच चालू द्या!"

"माग! काय हवं ते माग! बाजारात जा, पट्टी दाखव, वाटेल ते घे!"

"नको, महाराज," वेणूने हात जोडले. "बक्षीस रोख!"

राजाला पुन्हा हसू आवरेना. त्याने गळ्यातला सोन्याचा कंठा काढून तिच्या हातात ठेवला आणि डोळे पुसत म्हणाला, "घे! आणि यावर शंभर लोटे फुकट!"