नको त्याला घरचा पत्ता

एका गावात म्हादबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करायचा, दुःख एवढंच होतं. विमलताईंनी त्याला आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये कामाला ठेवलं.

क्लासला परीक्षा केंद्र मिळावं म्हणून ताई कधीपासून धडपडत होत्या. केंद्र मिळालं की पोरांची तालुक्याची पायपीट वाचणार होती. पण पोरं टायपिंग सोडून गेम खेळायची. गेमच्या साइट्स बंद करायला ताईंनी म्हादबाला मशीनमधली होस्ट्स फाइल उघडून दाखवली.

"नको त्या साइटचं नाव इथं लिहायचं. शेजारी ह्याच मशीनचा पत्ता टाकायचा. मग मशीन ती साइट बाहेर शोधत नाही, स्वतःच्याच घरात शोधतं. तिथं काही नसतं, मग गप्प बसतं."

"म्हणजे नको त्याला घरचा पत्ता द्यायचा."

"अगदी बरोबर."

दुसऱ्या दिवशी विमा विकणारे पोटे आले. ताईंनी आतूनच खूण केली, हा माणूस नको. म्हादबानं पोट्यांना ताईंच्या घरचा पत्ता दिला. पोटे रात्री जेवूनच उठले.

"अरे, माणसाला का पत्ता देतात? दारातच सांगायचं, ताई इथं नाहीत म्हणून."

"बरं."

मग कुरिअरवाला केंद्राचे कागद घेऊन आला. ताई आत शिकवत होत्या, त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "ताई इथं नाहीत," म्हादबा म्हणाला. कागद तालुक्याला परत गेले.

ताईंनी कपाळाला हात लावला. "हवं की नको, ते आधी विचारावं रे बाबा. आता मी कागद आणायला जाते. उद्या केंद्र द्यायचं का ते ठरवायला साहेब क्लास बघायला येतील. नको त्या साइट्स तेवढ्या सगळ्या मशीनवर बंद करून ठेव."

या वेळी म्हादबानं आधी विचारलं.

"पोरांनो, तुम्हाला काय नको?"

पोरं एका सुरात म्हणाली, "परीक्षा."

साहेब आले. पोरं खाली माना घालून टाइप करत होती. साहेब खूश झाले, सहीसाठी पेन काढलं. "आता परीक्षेची साइट तेवढी उघडून दाखवा."

साइट उघडेना. ताईंनी दुसरं मशीन लावलं, मग तिसरं. त्यांना घाम फुटला. साहेबांनी पेन खिशात ठेवलं.

म्हादबाला ताईंची दया आली.

"ताई, कशाला दमता? सगळ्या मशीनवर बंद केलीय. पोरांना विचारूनच."