दुसऱ्या मजल्यावरची पेन्शन

हौसाबाई लोणारेचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेले होते. अपंगांच्या पेन्शनसाठी तिच्याकडे डॉक्टरचा दाखला होता. पण तालुक्याच्या बेलसरे साहेबांचा खाक्याच वेगळा. अर्जदाराने दुसऱ्या मजल्यावर त्यांच्यासमोर हजर व्हायचं, साहेब नजर टाकणार आणि मगच ठरवणार.

बाई खमकी. तिने बाजारातल्या तुका हमालाला गाठलं, त्याच्या पाठीवर बसली आणि थेट साहेबांच्या टेबलापुढच्या खुर्चीत उतरली.

साहेबांनी दाखल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई, चांगल्या दोन मजले वर आलात की! मग अपंग कसल्या? अपात्र. चला, निघा."

तुका तिला उचलायला वाकला. हौसाबाईने त्याला हातानेच थांबवलं आणि साहेबांच्या मागच्या लोखंडी कपाटाकडे बोट केलं.

"तुका, हे कपाट वर कुणी आणलं रे?"

"मीच की, मावशी. याच पाठीवरून."

"ऐकलंत, साहेब? त्याला तर चार पाय आहेत. सांगा त्याला चालत खाली जायला. ते निघालं की मीही निघते, त्याच्या मागोमाग."

कचेरीत खसखस पिकली. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी अर्ज पुढे ओढला, 'पात्र' असं लिहिलं आणि सही ठोकली.

"झालं ना? जा आता."

हौसाबाई जागची हलली नाही.

"जिन्याखाली माझ्यासारखी आणखी तिघं बसलीत, साहेब. त्यांना हमाल परवडत नाही. पेन घ्या आणि चला खाली. तुमचे पाय तर धड आहेत ना?"