मुशींच्या रांगेत बुधाजी

एकदा काय झालं, बुधाजी नावाचा एक कोळी होता. समुद्रकाठी त्याचं घर, घरात बायको चांगुणा आणि पाळण्यात लेक. एके दिवशी तो एकटाच होडी घेऊन लांब गेला. मग आलं वादळ. होडी उलटली, फुटली. बुधाजीच्या हाती लागली एक लांब फळी. तिला धरून तो तरंगत राहिला.

वारा पडला. मग आल्या मुशी. मुशी म्हणजे शार्क मासे, बरं का. आधी आली एक लहान मुशी. बाजूला बाजू लावून पोहली, कोण लांब ते पाहिलं. फळीसकट बुधाजीच लांब भरला, तशी ती मागे सरली. मग मधली आली, तीही मागे सरली. मग आली सगळ्यांत थोरली. अंगभर जुने वण. ती काही हटेना. बुधाजीला वाटलं, संपलं आता. पण लहानींनी काय केलं ते त्याने पाहिलं होतं. त्याने फळी वळवली आणि तिला वाट दिली.

थोरली म्हणाली, "रीत कळते तुला. कुठं जायचंय?"

"घरी, आये. लेक लहान आहे."

आता मुशींची रांग असते. थोरली पुढे, धाकट्या मागे आणि जिची तिची सोबतीण शेजारी. एकीची बाजू मात्र रिकामी होती. तिची सोबतीण कुणाच्या तरी जाळ्यात गेली होती. थोरलीने बुधाजीला तिच्याच शेजारी जागा दिली. बुधाजीने मान खाली घातली. जाळं तर तोही टाकायचा. पण ती शेजारची मुशी त्याला सांभाळून नेऊ लागली. फळी मागे पडली की हळू व्हायची, लाट आली की लाटेच्या अंगाला यायची.

ऊन उतरलं तेव्हा किनारा दिसला. चांगुणा कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. बुधाजीने शेजारच्या मुशीला विचारलं, "आता तू एकटीच जाणार?"

"रांगेत माझी जागा आहे," ती म्हणाली आणि वळली.

मग काय, चांगुणाने त्याला हाताला धरून घरी नेलं. पुढे जाळ्यात मुशी सापडली आणि दुसरी त्याच्या नव्या होडीभोवती घिरट्या घालू लागली, की बुधाजी जाळं सोडवून तिला जाऊ द्यायचा. चांगुणाही कधी कुरकुरली नाही. पुढच्या साली ती ओळखीची मुशी होडीजवळून गेली. तिच्या शेजारी एक कोवळी मुशी पोहत होती.

लेक मोठी झाली, सगळी सुखात राहिली. चला, सरका एकमेकांजवळ, घ्या पांघरूण आणि मिटा डोळे.