निलव्वाचं पेव

फार वर्षांपूर्वीची, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीही जी नुसती ऐकली होती, ती ही गोष्ट. नीट बसून ऐका. मधेच जांभया देणाऱ्याला मी पुन्हा सांगत बसणार नाही.

हिंगणपेठ तेव्हा पेठ नव्हती, नुसता माळ होता. आधी तिथे गरडांचं घराणं आलं. त्यांनी माळ फोडला, जमिनी केल्या, पाटीलकी मिळवली. मागोमाग बैलांवर मीठ-गूळ लादून उंबरजे वाणी आले आणि झाडाखाली दुकान मांडून बसले. एकाची जमीन, दुसऱ्याचा व्यापार, त्यावर गाव उभं राहिलं.

दोन्ही घरांतल्या त्या पहिल्या कर्त्यांचं फार सख्य होतं, असं म्हणतात. दोघांनी मिळून उंचवट्यावर एक पेव खणलं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार, वर तोंड लहान आणि आत चांगली खोलीएवढी जागा. दर सुगीला दोन्ही घरांनी त्यात ज्वारी ओतायची, तोंडावर दगड बसवून चिखलाने लिंपायचा, आणि त्या ओल्या चिखलात दोन्ही घरांच्या कर्त्यांनी आपापला पंजा उमटवायचा. ते धान्य गावाचं, वाईट दिवसांसाठी ठेवलेलं. उघडायचं तर दोघांनी मिळून. जो एकटा दगड हलवील तो निर्वंश होईल, अशी शपथ त्यांनी मल्लिकार्जुनासमोर घेतली. चोरी होऊ नये म्हणून घेतली हो, चांगल्या मनाने घेतली.

पुढे ती माणसं गेली आणि नातवंडांचा काळ आला. गरडांकडे रखमाजी पाटील कर्ता होता, उंबरज्यांकडे नागप्पाशेट. एका पोळ्याला पाटलांची बैलजोडी यायला उशीर झाला आणि शेटचे बैल वेशीच्या तोरणाखालून आधी गेले. झालं! मान गेला म्हणून पाटलाने तोंड फिरवलं, आणि पाटलाने फिरवलं म्हणून शेटने फिरवलं. बैल बिचारे घरी जाऊन पुरणपोळी खाऊन मोकळे झाले, ही दोन माणसं मात्र कित्येक वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत, आणि भरलेलं पेव तसंच बंद राहिलं.

आणि मग दुष्काळ पडला. एक साल कोरडं गेलं, दुसरंही गेलं. विहिरी आटल्या, गुरं दावणीला मेली, लोक तरवडाचा पाला उकडून खाऊ लागले. अख्खं गाव आधी पाटलाच्या दारात गेलं, पेव उघडा म्हणालं. पाटील म्हणाला, शेटला येऊ दे माझ्याकडे. गाव शेटकडे गेलं. शेट म्हणाला, पाटलाने आधी यावं. दोघांच्या घरात खायला होतं ना! पोटात आग नसली की माणसाला मान सुचतो. आणि एकट्याने दगड हलवायची छाती गावात कुणाची नव्हती. ज्याला त्याला आपली लेकरं दिसत होती.

नागप्पाशेटची सून होती, निलव्वा. नवरा लग्नानंतर लवकरच वारला, मूलबाळ झालंच नाही. घरातले तिला पांढऱ्या पायाची म्हणत. कुणाच्या बारशाला तिला बोलावत नसत, बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकू देत नसत. मागच्या अंगणातल्या जात्याच्या खोलीत दळण करावं आणि गप्प राहावं, एवढंच तिचं आयुष्य. ती दळता दळता पदराखालून मूठमूठ पीठ शेजारच्या भागूला देई. भागू साळ्याची बायको, अंगावर तान्हं मूल होतं आणि दूध आटलेलं. सासूला ते कळलं आणि जात्याच्या खोलीला कुलूप लागलं. मग भागूचं मूल गेलं. जाताना ते निलव्वाच्या मांडीवर होतं, असं म्हणतात. ती रडली नाही. मूल तिने भागूच्या ओटीत दिलं, पहार उचलली आणि भर दुपारी उंचवट्याकडे चालू लागली.

गाव मागे गेलं, पण दहा हात दूर उभं राहिलं. एक म्हातारा म्हणाला, बाई, शपथ आहे, निर्वंश होशील.

निलव्वा वळून म्हणाली, "मला कसला वंश, बाबा? तुटायला माझ्याजवळ आहे काय?"

तिने दोन्ही पंज्यांवर पहार घातली. एरवी चार गड्यांना न हलणारा तो दगड तिच्या एकटीच्या हाताने भाकरीसारखा उलटला, असं म्हणतात.

आता पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. आत कोंडलेली हवा विषारी असते. तोंड दिवसभर मोकळं ठेवायचं, मग दिवा सोडून बघायचं. निलव्वाने दिवा सोडला, तो अर्ध्यातच विझला. थांबायला हवं होतं. पण तेवढ्यात गावाकडून दोन्ही घरांचे गडी काठ्या घेऊन आले, आणि त्यांच्यापुढे पाटील आणि शेट, खांद्याला खांदा लावून! गाव मरत होतं तेव्हा जे एका ओट्यावर आले नाहीत, ते विधवेने दगड हलवला म्हटल्यावर एकत्र आले. मला तर अजून त्यांचा राग येतो, खोटं कशाला सांगू?

दगड परत बसवा, शेट गड्यांना म्हणाला. निलव्वाने पदर खोचला, दोराला धरलं आणि ती आत उतरली. आतून तिचा आवाज आला, "मामा, मी आत आहे. बसवा दगड माझ्यावर."

गड्यांचे हात थांबले. सुनेला जिवंत गाडायची हिंमत सासऱ्यालाही झाली नाही. भागूने दोराला टोपली बांधून खाली सोडली, ती ज्वारीने भरून वर आली. परत सोडली, परत भरून आली. लोक ओढत राहिले, पोती भरत राहिली, दिवस कलला. हाका मारल्या तर निलव्वा ओ देईना, पण टोपल्या येतच होत्या. शेवटी टोपली रिकामी आली. मग भागू कमरेला दोर बांधून उतरली.

पेवाच्या तळाशी निलव्वा मांडी घालून ताठ बसली होती. आपल्याकडे लिंगायत वाण्यांच्यात माणूस गेल्यावर जसं बसवून पुरतात, अगदी तशी. अंग केव्हाच थंड पडलं होतं, असं म्हणतात. दुपारीच गेली असावी. मग टोपल्या कोण भरत होतं, ते मला विचारू नका.

तिला वर काढलं नाही. तिथेच माती लोटली. ती ज्वारी खाऊन गाव जगलं. पाटील आणि शेट पुढे एकमेकांशी बोलले की नाही, कुणी लक्षातसुद्धा ठेवलं नाही. शपथ त्या दोघांनी पाळली होती, तरी आज पेठेत गरडांचं घर नाही आणि उंबरज्यांचंही नाही.

पेव बुजलं, त्यावर आता नुसतं गवत आहे. पण हिंगणपेठेत बारसं असलं की अजून एक रीत आहे. गावातली मूलबाळ नसलेली एखादी बाई, विधवा असली तरी, मानाने बोलावून आणतात. पाळण्याला पहिला हात तिचा. बाळाचं नाव काहीही ठरलेलं असो, आधी ती वाकून त्याच्या कानात सांगते, "तू निलव्वाचा." मुलगी असली तर, "तू निलव्वाची." त्यानंतर आत्या नाव ठेवते.