गुळाला मुंगी का नाही?

"भाड्याची वही उघडायची नाही आणि एकाही दुकानदाराला विचारायचं नाही! शब्द दिलाय आम्ही!" राजे मानाजीराव गरजले. "आता सांगा, ही पेठ घेण्यासारखी आहे की नाही?"

कारभारी बोटांवर हिशेब मांडू लागले.

सावकार धोंडशेट आपली वीस गाळ्यांची पेठ राजांना विकायला आला होता. एका गाळ्याचं वर्षाचं भाडं पन्नास मोहरा, म्हणजे विसांच्या हजार. किंमत मागत होता दहा हजार. "शेकडा दहा सुटतात, महाराज! दहा वर्षांत पैसे परत, आणि काडीची दगदग नाही!" चौकशीचं नाव काढलं की मात्र त्याचा अपमान व्हायचा, म्हणून त्याने राजांकडून आधी शब्दच घेतला होता. आणि राजे असे हट्टी, की शब्द दिला म्हणजे दिला! खजिन्यात होत्या दहा हजारच मोहरा, त्यातल्या सात हजार निंबोऱ्याच्या तळ्याच्या बांधासाठी राखलेल्या.

सरबताचे पेले घेऊन आलेली मुदपाकखान्यातली सोनकी दारातच थबकली. निंबोरे तिचं माहेर! बांध राहून गेला तर तिची आई यंदाही उन्हाळाभर दोन कोसांवरून पाणी आणणार होती.

"महाराज, मी सांगते. पेठेतून एक चक्कर मारून येऊ द्या."

"चुकलीस तर चूल सुटली तुझी!"

"सुटू द्या, जी. हात भाजायचे तरी थांबतील!"

तासाभरात सोनकी परतली.

"वीसच्या वीस गाळे उघडे आहेत. माल भरलेला, दुकानदार गादीवर."

"बघा!" धोंडशेट फुलला.

"पण शेटजी, गुळाच्या दुकानात एक मुंगी नाही! तेल्याच्या फरशीवर तेलाचा डाग नाही, शिंप्याच्या दारात चिंधी नाही, धान्याच्या दुकानापुढे चिमणी फिरकत नाही. नांदती दुकानं आठच. बाकीची बारा तुम्ही आज सकाळी मांडलीत!"

"मुंग्या-चिमण्यांची साक्ष?" धोंडशेट लालबुंद झाला. "महाराज, ही पोर माझी अब्रू घेतेय!"

"बरं, माझंच चुकलं असेल," सोनकी म्हणाली. "मग असं करा, शेटजी. पेठ महाराजांना विका आणि तुम्हीच ती भाड्याने घ्या. हजार नको, वर्षाला नऊशेच भरा. वरच्या शंभर तुमच्या!"

धोंडशेटच्या कपाळाला घाम फुटला. "माझं... माझं वय झालं, महाराज. एवढी दगदग..."

"दगदग? मघाशी तर काडीचीही नव्हती!" राजांच्या मिशीत हसू आलं. "सोनके, मग खरी किंमत किती?"

"शेटजींच्याच मापाने मोजा, जी. आठ गाळ्यांच्या चारशे. पहारेकरी, कौलं, गटार यांत शंभर जातात. हातात उरल्या तीनशे. शेकडा दहा सुटायला हवेत, तर किंमत तीन हजार. आणि बांधाच्या सात हजार जागच्या जागी!"

लबाडीची शिक्षा टळावी म्हणून धोंडशेटने तीन हजारांवर सही केली.

"माग, काय हवं ते माग!" राजे म्हणाले.

"तो गुळाचा गाळा द्या, महाराज. भाडं वेळेवर भरीन."

"अगं, पण मुंग्या कुठून आणशील?"

"त्या आपल्या पायांनी येतात, जी. शेटजींच्या दुकानदारांसारख्या एका दिवसाच्या रोजावर आणाव्या लागत नाहीत!"

राजे इतके हसले, की हातातलं सरबत धोंडशेटच्या कोऱ्या पागोट्यावर सांडलं.