ठिपकीची आई टेकडीवर राहिली

एक होती चिचुंद्री. तिची पिल्लं इवली इवली. त्यांच्या घरची एक रीत. बाहेर जायचं तर रांगेनं. पहिल्यानं आईची शेपटी तोंडात धरायची. मागच्यानं पुढच्याची. सगळ्यात मागं ठिपकी. नखाएवढी.

एकदा सगळी चढली जीपमध्ये. दाण्याच्या पोत्यावर. जीप निघाली टेकडीवरच्या गिरणीत. गचका बसला. शेपटी सुटली. टप्! ठिपकी खाली.

जीप गेली. आई गेली.

जीप परत आली. रिकामी. खोकत आली आणि बंद पडली. गेनू मिस्त्रीनं प्लगच्या तारा काढल्या. पुसल्या. परत लावल्या. चावी फिरवली. खुर्र खुर्र फुस्स!

प्लग म्हणजे काय? इंजिनात बसतो. जीपला चार प्लग, प्रत्येकाची तार वेगळी. ठिणगी टाकतो. ठिणगी पडली तर जीप पळते.

ठिपकी गेली तुरु तुरु.
"जीपताई, जीपताई, चल ना. आई दिसेना."
"पहिला प्लग पेटला तर चलते. नाहीतर नाही."

ठिपकी गेली तुरु तुरु.
"पहिल्या, पहिल्या, पेट ना. आई दिसेना, जीप हलेना."
"माझ्यामागं तिसरा पेटला तर पेटतो. नाहीतर नाही."

ठिपकी गेली तुरु तुरु.
"तिसऱ्या, तिसऱ्या, पेट ना. आई दिसेना, जीप हलेना, पहिला पेटेना."
"माझ्यामागं चौथा पेटला तर पेटतो. नाहीतर नाही."

ठिपकी दमली. पाय दुखले. तरी गेली तुरु तुरु.
"चौथ्या, चौथ्या, पेट ना. आई दिसेना, जीप हलेना, पहिला पेटेना, तिसरा पेटेना."
"माझ्यामागं दुसरा पेटला तर पेटतो. नाहीतर नाही."

ठिपकी गेली तुरु तुरु.
"दुसऱ्या, दुसऱ्या, पेट ना. आई दिसेना, जीप हलेना, पहिला पेटेना, तिसरा पेटेना, चौथा पेटेना."
दुसरा म्हणाला, "कसा पेटू? माझ्या डोक्यावर तिसऱ्याची तार. माझी तार चौथ्याच्या डोक्यावर. मिस्त्रीनं बदलली तर पेटतो. नाहीतर नाही."

ठिपकी मिस्त्रीच्या चपलेवर चढली.
"मिस्त्रीकाका, तारा बदला ना."
"हट्! मला शिकवतेस होय गं, चिमुरडे? एक, दोन, तीन, चार. ओळीनं लावल्यात. चुकतील कशा?"

ठिपकी बसली चपलेवर. रडली, रडली.
"आई दिसेना, जीप हलेना, पहिला पेटेना, तिसरा पेटेना, चौथा पेटेना, दुसरा पेटेना."

मिस्त्रीचा हात थांबला.
"काय म्हणालीस? परत म्हण."
"पहिला पेटेना, तिसरा पेटेना, चौथा पेटेना, दुसरा पेटेना."
"अरे देवा! बसतात ओळीनं, पण पेटत नाहीत ओळीनं. एक, तीन, चार, दोन! चुकलो गं बाई."

चुकतात मोठी माणसं. हा कबूल तरी झाला.

मिस्त्रीनं तारा बदलल्या. चावी फिरवली.
पहिला पेटला, टक्!
तिसरा पेटला, टक्!
चौथा पेटला, टक्!
दुसरा पेटला, टक्!
टक टक टक टक, घुर्रर्र! जीप हलली.

मिस्त्रीनं ठिपकीला खिशात घातलं. जीप टेकडी चढली.

गिरणीच्या दारात आई उभी. मागं पिल्लांची रांग. सगळी उपाशी. पाऊलभरही हलली नव्हती कुणी. गिरणीवाली म्हणाली, "हाकललं, दाणे टाकले. बाई जागची हलेना."

कशी हलेल? शेवटची शेपटी मोकळी होती ना.

ठिपकी गेली तुरु तुरु. शेवटची शेपटी तोंडात धरली. घट्ट.

आईनं मागं वळून पाहिलं. मग पहिलं पाऊल टाकलं.

ठिपकी काही बोलली का? नाही. तोंडात शेपटी होती.

झाली गोष्ट. धर माझा पदर. सोडू नकोस.